कोपऱ्यातलं बोट

फोनमधली जागा भरत आली की आमची लेक तन्वी माझ्या हातातून फोन काढून घेते आणि एकेक फोटो बघत बसते. "बाबा, हे काय? चूल. हे काय, नुसत्या चपला. ही कोंबडी. ही परत तीच कोंबडी. काढून टाकू?"

"हात लावू नकोस," मी म्हणतो. "ते हिराआत्याचं बोलणं आहे."

"सगळ्यात बोट आलंय."

ते खरं आहे. हिराआत्याच्या प्रत्येक फोटोत खाली डाव्या कोपऱ्यात तिचं बोट असतं. जाडसर, काळपट, पुसट. आत्या फोन दोन्ही हातांनी धरायची, तांदूळ पाखडताना सूप धरतात तसा, आणि एक बोट बरोबर भिंगावर जायचं. तिच्या मुलीनं, कविताने, तिला कितीदा सांगितलं, "आई, बोट काढ." आत्याचं उत्तर ठरलेलं, "फोटो माझा हाय ना? मग थोडी मी नको त्यात?"

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. माहेर किन्हवली, सासर वैशाखऱ्याच्या पुढे घाटाच्या पायथ्याशी एका पाड्यावर. उंचीने बेताची, चालायला मात्र अशी की बरोबर चालणाऱ्याला धावावं लागतं. तिला लिहायला येत नव्हतं असं कुणी समजू नये. ती सातवी पास होती आणि तिचं अक्षर माझ्यापेक्षा सरळ होतं. पण फोन हातात आला त्या दिवसापासून तिने अक्षराला हात लावला नाही.

मी याच्या अगदी उलट. मी हायस्कूलमध्ये कारकून. नोटिसा लिहून लिहून हात असा बसलाय की घरच्या ग्रुपवर सुद्धा मी "सर्वांना सप्रेम नमस्कार" असं सुरू करतो, मध्ये परिच्छेद पाडतो आणि शेवटी "कळावे" लिहितो. माझी बायको म्हणते, "खाली जावक क्रमांक पण टाकत जा." चुलत काकांकडच्या गौरीला कोण कधी येणार, याविषयी मी एकदा चांगलं पानभर लिहिलं. कुणी वाचलं नाही. त्याच्याखाली आत्याने एक फोटो टाकला: पिशवीत भरलेली लुगडी आणि वर ठेवलेली चकल्यांची पिशवी. सगळ्या खानदानाला कळलं की आत्या निघाली आणि चकल्या येताहेत. त्या फोटोला इतके अंगठे आले की मी माझा मजकूर परत वाचून बघितला, कुठे चुकलं ते.

तिची म्हणून एक रीत होती. कुठूनही घरी पोचली की दारात काढलेल्या चपलांचा फोटो. म्हणजे पोचले. चुलीवर भांडं उपडं, म्हणजे आज उपास. पाड्याच्या ग्रुपवर तर ती म्हणजे चालतंबोलतं चौकशी केंद्र होती. रेशन दुकानाचं बंद शटर टाकलं की पाड्यावरची माणसं निघालेली परत फिरायची. एसटी आली नसेल तर ती स्टँडवर बसलेल्या बायकांचा फोटो टाकायची. त्यातही बायका नुसत्या बसलेल्या असल्या तर गाडी येईल, आणि डबे उघडून जेवायला बसलेल्या असल्या तर आज गाडीचं काही खरं नाही. हे कुणी कुणाला समजावलं नव्हतं. सगळ्यांना आपोआप कळायचं. कंट्रोलरला विचारणारी माणसं आत्याचा फोटो बघू लागली.

एकदा मला ताप होता. आत्याने काय पाठवावं? रिकाम्या ताटाचा फोटो. मी लिहिलं, "प्रकृती उत्तम आहे. काळजी नसावी." लगेच फोन वाजला. ती क्वचित फोन करायची, पण त्या दिवशी केला.

"मी ताट दाखवलं, तू मला निबंध काय लिहितोस रे?"

"अगो आत्या, बरा आहे मी."

"बरा हायस ना? मग तुझ्या ताटाचा फोटो पाठव. मी सांगते बरा हायस का नाय."

पाठवला. ताटात पेज आणि भाजलेला पापड. दुसऱ्या मिनिटाला तिकडून गुळवेलीच्या तुकड्यांचा फोटो आला, शेजारी पाण्याचं पातेलं, पातेल्यात पाणी निम्मं. उकळून निम्मं कर, हे मला सुद्धा कळलं. मी इतक्या वर्षांत 'उत्तम' हा शब्द किती जणांना लिहून फसवलं असेल, पण ताटाने काही खोटं बोलता येईना.

आता मुख्य गोष्ट. हिराआत्या आणि माझे वडील, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, यांचा अबोला होता. साधा रुसवा नाही. आण घेऊन धरलेला.

कारण एक बैल. म्हसा गावच्या जत्रेत दादांनी आतोबांच्या, म्हणजे आत्याच्या नवऱ्याच्या, शब्दावर एक पांढराशुभ्र बैल घेतला. शिंगं अशी की लोक वळून बघत. पहिल्या दिवशी नांगराला जुंपला, अर्धं शेत चालला आणि खाली बसला. शेपटी पिळून झाली, गोंजारून झालं, दादांनी त्याच्या कानात काय काय सांगितलं. बैल शांतपणे रवंथ करत राहिला. गावाने त्याचं नाव साहेब ठेवलं.

पुढच्या वर्षी त्याच जत्रेत जिलेबीच्या दुकानापुढे सगळे नातेवाईक बसले होते. मीही होतो. दादा मोठ्याने म्हणाले, "आमच्या दाजींना बैल दाखवला का ते शिंगं बघतात. पाय बघायचं ऱ्हाऊनच जातं." माणसं खो खो हसली. आत्याचा हात जिलेबीवर थांबला.

"भाऊ, माझ्या माणसाला चार लोकांत हसलास. आता तू पहिला बोलशील तवाच मी बोलेन. म्हसोबाची आण."

"मग मी पण सांगतो," दादा म्हणाले. "तू पहिली बोलशील तवाच मी बोलेन. म्हसोबाची आण."

दोघांनी एकाच देवाची आण घेतली आणि देवाचीच पंचाईत करून ठेवली. ज्यांच्यावरून हे झालं ते आतोबा तेवढे जिलेबी खात राहिले. ते दोघांशीही कायम बोलत होते.

आमच्याकडे अबोल्याचे नियम कडक. तोंडाने बोललं तर मोडला. दुसऱ्याच्या तोंडून निरोप पाठवला तरी मोडला. लिहून पाठवलं तरी मोडलाच. कुणाच्या बारशाला दोघं समोरासमोर आले की दादा खांबाला सांगायचे, "लोकांनी जेवून घ्यावं," आणि आत्या दुसऱ्या खांबाला सांगायची, "लोकांना भूक नाय." वर्षं अशीच चालली. आत्या माझ्याशी, माझ्या बायकोशी भरभरून बोलायची, पण किन्हवलीच्या घराची पायरी ती चढली नाही.

ती कोंडी फोडली माझ्या नवीन शर्टाने.

झालं असं की मी एक निळा शर्ट घेतला होता, शहापूरच्या बाजारातून, आणि बायकोने दोनदा "बरा दिसतोय" म्हटल्यामुळे माझं डोकं फिरलं. मी अंगणात उभा राहून स्वतःचा फोटो काढला आणि आत्याला पाठवला. तिने काहीतरी म्हणावं, एवढीच अपेक्षा. बऱ्याच वेळाने तिच्याकडून फोटो आला. माझाच फोटो होता तो, पण मी त्यात नव्हतो. तिने कविताकडून मला कापून घेतलं होतं. उरला होता मागचा गोठा आणि गोठ्यात बसलेला साहेब, मोठा करून, धुरकट.

मला दोन मिनिटं राग आला. मग कळलं. आत्याला वाटत होतं की दादांनी रागाच्या भरात बैल कधीच विकून टाकला; तिच्यापुढे त्या बैलाचं नाव कुणी काढायचं नाही. आणि इथे ट्रॅक्टरवाला येऊन शेत नांगरून जायचा आणि दादा त्या बसक्या बैलाला रोज स्वतःच्या हाताने पेंढा टाकायचे. आम्ही काही म्हटलं की म्हणायचे, "त्याचा काय दोष? तो बसतो म्हणून कुणी त्याला इकायचं का?"

मी फोन घेऊन दादांकडे गेलो. ते ओट्यावर कोयत्याला धार लावत होते. त्यांनी फोन लांब धरून बघितला.

"हे कोणी धाडलं?"

"आत्याने."

"काय लिवलंय?"

"काही नाही लिहिलेलं. नुसता फोटो आहे."

"बोलली तर नाय ना ती?"

"नाही."

"मंग बरं." त्यांनी धार लावायला सुरुवात केली. थोड्या वेळाने, मान खाली घालूनच, "तो फोटो नीट नाय. त्याचं तोंड दिसत नाय. जवळ जाऊन काढ."

मी काढला. साहेबाने कॅमेऱ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू माझा रजेचा अर्ज त्याच्यापुढे आलाय. पाठवला. तिकडून फोटो आला: आतोबा खाटेवर बसलेत आणि हातात फोन धरून हसताहेत. दादांनी तो बराच वेळ बघितला. "दाजींचे पुढचे दात गेले वाटतं," एवढंच म्हणाले.

आणि मग असं काही सुरू झालं की माझा फोन माझा राहिला नाही. आण बोलण्याची होती, लिहिण्याची होती, निरोपाची होती. फोटोची आण कुणी घेतलीच नव्हती. दादा सकाळी उठले की, "काढ रे एक." वालाच्या शेंगा काढ. कौलं शाकारली ती काढ. आत्याकडून नाचणीची कणसं, करवंदांनी भरलेली टोपली, आणि ती कोंबडी. कोंबडीचं काय सांगायचं होतं ते आजतागायत कळलं नाही, पण दादा म्हणाले, "आमच्या आईकडं अशीच व्हती, तुरेवाली." मी हायस्कूलमध्ये टेबलाशी बसलेला असायचो आणि खिशात फोन थरथरला की काम टाकून बघायचो. माझ्या लग्नात सुद्धा मी एवढा उतावळा नव्हतो.

मग कविताचं लग्न ठरलं.

लग्नात मुलीला बोहल्यावर घेऊन येणार तो मामा. कविताला सख्खा मामा एकच, दादा. आणि आमच्याकडे मामाला आवतण द्यायचं ते बहिणीने स्वतः घरी येऊन, हातात अक्षत देऊन, तोंडाने "लग्नाला ये" म्हणून. छापील पत्रिकेवर भागत नाही. आत्या तोंडाने म्हणणार कशी?

एका सकाळी फोटो आला. पितळेचं तबक, त्यात हळदकुंकू, सुपारी, पिवळ्या अक्षता. कोपऱ्यात बोट, त्यालाही हळद लागलेली.

दादा फोन घेऊन बसून राहिले. "हे आवतण का नाय?"

"आवतणच की," मी म्हटलं.

"अक्षत हातात पडल्याबिगर आवतण नसतं." मग फोन परत जवळ घेतला. "पण हळद तिनं सोताच कालवलीय. बोट बघ."

त्यांनी साडी तर आधीच आणून ठेवली होती. मामाची पिवळी साडी. मी म्हटलं, "दादा, साडीचा फोटो पाठवू. एका मिनिटात कळेल तिला."

"मामाची साडी लगनाआधी दाखवत असतात का कुठं? तुला एवढं पण नाय कळत?" त्यांनी मला अंगणात नेलं. दोरीवर त्यांचं ठेवणीतलं धोतर आणि सदरा धुऊन वाळत घातला होता, वर टोपी अडकवलेली. "हे काढ. समजंल तिला, मामा तयारी करतोय."

मला ते तितकंसं पटलं नाही, पण काढला. पाठवला. तिकडे बघितल्याची खूण आली आणि त्यानंतर काही नाही.

त्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. दादा दर थोड्या वेळाने विचारायचे, "आला का?" मग मी कविताला फोन लावला.

"मामांनी असं का केलं?" ती म्हणाली. "आई काल जेवली नाय. म्हणते, माणूस येणार नाय, नुसते कपडे टांगून दाखवलेत. म्हणते, भाऊ सांगतोय का माझं धोतर दोरीवरच ऱ्हाणार."

एवढी वर्षं फोटो वाचणारी बाई, आणि नेमका हाच फोटो तिने उलटा वाचला. मी कविताला सगळं सांगायला तोंड उघडलं तर दादांनी ओट्यावरून हात केला. "निरोप नको. आण हाय." मी फोन ठेवून दिला आणि मग मला जे येतं ते करायला बसलो. चांगला मोठा मजकूर लिहिला. सप्रेम नमस्कार, गैरसमजाविषयी खुलासा, कळावे. दादांनी तो पुसायला लावला. "लिवलं का बोललं."

"मग तिला कसं कळणार तुम्ही येणार ते?"

"जाऊ तवा कळंल."

लग्नाच्या सकाळी आम्ही जीप करून निघालो. दादा धोतर नेसून पुढे बसले, मांडीवर साडीची पिशवी. सरळगाव मागे पडलं तेव्हा फोन थरथरला. आत्याचा फोटो. बोहल्याजवळ मांडलेला पाट. सभोवती रांगोळी. पाटावर कुणी नाही.

"रिकामा हाय," दादा म्हणाले.

"म्हणजे तुमच्यासाठी ठेवलाय."

"नायतर मी नाय म्हणून रिकामा हाय." वैशाखऱ्यापर्यंत ते तोच फोटो बघत होते. ड्रायव्हरला एकदाच म्हणाले, "जरा दाबून चालव."

आम्ही मांडवात शिरलो तेव्हा भटजी माइकवरून सांगत होते, मुलीच्या मामांना बोलवा. आत्या मांडवाच्या खांबापाशी उभी होती, फोन दोन्ही हातांत, सुपासारखा. तिने दादांना बघितलं. धोतर बघितलं. टोपी बघितली. चेहरा हलला नाही, फक्त हातातला फोन थोडा खाली आला आणि परत वर गेला.

दादा सरळ आत गेले, साडी दिली, आणि साडी नेसून तयार झालेल्या कविताला हाताला धरून बाहेर घेऊन आले. सगळा मांडव त्या भावा-बहिणीकडे बघत होता. आता काय होतं? कोण बोलतं? भटजींनी सुद्धा अंतरपाट हातातच धरून ठेवला. आत्या फोन डोळ्यांपुढे धरून पुढे आली. एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे. मग वैतागून म्हणाली,

"भाऊ, जरा अलीकडं सरक ना. पोरीच्या तोंडावर तुझी सावली पडतेय."

"कुठं, इकडं?" दादा म्हणाले.

"इकडं नाय रे, तिकडं. हां. आता हल नको."

मांडवात पहिल्यांदा कुणाला काही उमगलंच नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, "अगो, बोलली ही." आणि जो हशा उठला तो भटजींच्या माइकमधून वाड्यावस्त्यांपर्यंत गेला असेल. आतोबा तर पोट धरून खुर्चीतच वाकले. दादा पाटावर ताठ उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज जिंकलेल्या माणसाचा. "ती पहिली बोलली. सगळे साक्षीदार हायेत."

"मी कुठं बोलले?" आत्या फोनवरून मान न काढता म्हणाली. "मी फोटो काढत व्हते."

तो वाद पंगतीत चालला, पान लावताना चालला, मुलगी सासरी निघाली तेव्हा दोघांनी मिळून रडून घेतल्यावर परत चालला. इतक्या वर्षांचं साठलेलं बोलणं होतं, पण दोघांना बोलायला विषय एकच सापडला, कोण पहिलं बोललं.

दुपार कलली तसे आम्ही निघालो. आत्या रस्त्यापर्यंत सोडायला आली. दादांच्या हातात लाडवांची पिशवी दिली, साहेबासाठी वेगळा गूळ बांधून दिला, आणि गाडी हलली तरी ती तिथेच उभी. मी मागे वळून बघितलं. रस्त्याच्या कडेला ती छोटीशी बाई, डोईवरचा पदर वाऱ्याने उडालेला, दोन्ही हात वर, आणि हातांत फोन. चेहरा फोनच्या मागे झाकलेला. आत्याला मी तेव्हा बघितलं तेवढंच. आतोबा वर्षभराने आत्या गेल्याचं सांगायला आले तेव्हा रडत होते, आणि दादा त्यांच्या शेजारी बसून राहिले होते.

पण त्या दिवशी, वळण संपायच्या आत, फोन थरथरला. फोटोत आमच्या जीपची पाठ, धूळ, काचेतून दिसणारी दादांची टोपी. कोपऱ्यात बोट.

"ती म्हणते, पोचल्यावर कळव," दादा म्हणाले. मी काही न विचारता.

किन्हवलीला उतरलो तेव्हा उन्हं अजून कौलांवर होती. मी फोन काढून आत्याला लिहायला लागलो, "आम्ही सुखरूप..." दादांनी माझ्या हातातून फोन घेतला. दारात वाकले, पायांतल्या चपला काढून नीट जोडीने ठेवल्या आणि फोन दोन्ही हातांनी धरला, सुपासारखा.

"कुठं दाबायचं रे?"

मी दाखवलं. त्यांनी दाबलं. फोटो वाकडा आला. चपला अर्ध्याच, आणि खाली डाव्या कोपऱ्यात त्यांचं बोट.

"दादा, परत काढू. बोट आलंय."

"असू दे," ते म्हणाले. "धाड."